कुलूप फुकटचं, तरी पक्कं!

ई-आधारची पीडीएफ कशी उघडायची, हे साऱ्या देशाला पाठ आहे. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. ई-पॅनचा पासवर्ड त्याहून सोपा: नुसती जन्मतारीख. ज्याला तुमचं नाव आणि वाढदिवस ठाऊक आहे, त्याच्या हाती या फाइल पडल्या की काम झालं! आणि त्या असतात कुठे? घरच्या संगणकावर, ‘डॉक्युमेंट्स’मध्ये, शेजारी शेजारी. त्यांच्याच सोबतीला सातबाऱ्याची प्रत, एफडीच्या पावत्या, आईचे एमआरआय रिपोर्ट, मृत्युपत्राचा कच्चा मसुदा.

आनंदाची बातमी अशी, की या सगळ्यावर घालायची जगातली सर्वांत भक्कम कुलपं फुकट मिळतात. पोलिसांना, थेट एफबीआयला दमवणारी कुलपं! त्यांच्या गोष्टीही भन्नाट आहेत. त्या वाचता वाचता आपल्या घराला कोणतं कुलूप बसेल, तेही ठरवून टाकू.

चार स्क्रू आणि एक केबल

आधी एक गैरसमज दूर करू. विंडोज सुरू होताना जो पासवर्ड विचारला जातो, तो फक्त दारावरचा पहारेकरी. भिंत मात्र मोकळीच! जुन्या लॅपटॉपच्या पाठीवरचे स्क्रू काढायचे, हार्ड डिस्क बाहेर ओढायची, कोणत्याही कॉम्प्युटर मार्केटात मिळणाऱ्या यूएसबी केसमध्ये बसवायची आणि दुसऱ्या संगणकाला जोडायची. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठवलेली नसेल, तर सगळे फोल्डर समोर हजर. पासवर्ड कोणी विचारतसुद्धा नाही.

फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘हिडन’ची खूण करणं तर त्याहून कच्चं. ‘हिडन आयटम्स’ दाखवा म्हटलं की ते फिकट रंगात जागच्या जागी दिसतात.

चोराचं राहू द्या, दुरुस्तीचा विचार करा. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आतल्या हालचाली नोंदवणारे लॅपटॉप मुद्दाम वेगवेगळ्या दुकानांत दुरुस्तीला दिले. काही ठिकाणी तंत्रज्ञांनी गिऱ्हाइकाचे खासगी फोटो उघडून पाहिले, आणि काहींनी तर ते स्वतःकडे उतरवूनही घेतले. दुरुस्तीसाठी त्या फोटोंना हात लावायची काहीच गरज नव्हती. मला हा अभ्यास फार अस्वस्थ करतो. लॅपटॉप दुरुस्तीला देताना आपण बॅग आणि चार्जर आठवणीने परत मागतो. आतल्या फोल्डरांचं काय, हा प्रश्न मनात येतच नाही.

बेल्जियमचे दोघे आणि ७८ आकडी संख्या

आज यातली बहुतेक सगळी फुकट कुलपं एकाच यंत्रणेवर चालतात: एईएस. तिचा जन्म जाहीर स्पर्धेतून झाला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी मानक संस्थेने जगभरातल्या गणितज्ञांना आवाहन केलं: नवी कूटपद्धत पाठवा, आणि एकमेकांच्या फोडून दाखवा! १५ पद्धती मैदानात उतरल्या, पाच अंतिम फेरीत पोहोचल्या, आणि २००० च्या ऑक्टोबरमध्ये जिंकले योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन हे दोन बेल्जियन. अमेरिकेने आपल्या सरकारी कामासाठी परदेशी माणसांची पद्धत निवडली, आणि तीही सगळ्यांसमोर तपासून. २००१ मध्ये ती अधिकृत मानक झाली.

एईएसची २५६ बिटांची किल्ली किती प्रकारची असू शकते? उत्तर लिहायला ७८ आकडे लागतात. एकेक करून तपासत बसणं कोणत्याही संगणकाच्या आवाक्यातलं नाही.

हे एवढं सगळं संगणक हळू न करता कसं जमतं? २०१० पासून इंटेलने आपल्या चिपमध्येच एईएससाठी खास सूचना बसवायला सुरुवात केली, इतरांनीही ते उचललं. त्यामुळे कुलूपबंद फोल्डरमधला सिनेमा लावला तरी तो अडखळत नाही.

हरलेलेही वाया गेले नाहीत. अंतिम फेरीतल्या सर्पंट आणि टूफिश या पद्धती आजही व्हेराक्रिप्ट या फुकट सॉफ्टवेअरच्या (त्याची गोष्ट पुढे येतेच) यादीत दिसतात, हव्या असतील तर एईएससह तिन्ही एकावर एक चढवता येतात. घरी त्याची गरज नाही. नुसतं एईएस निवडा आणि पुढे चला.

यंत्र शत्रूला द्या, किल्ली देऊ नका

गुप्तलेखनाची हौस आपल्याकडे जुनीच. वात्स्यायनाच्या कामसूत्रात दिलेल्या ६४ कलांच्या यादीत म्लेच्छितविकल्प, म्हणजे सांकेतिक लेखनाची कला, चक्क नावानिशी आहे. पण कोणतं कुलूप विश्वासाचं आणि कोणतं नाही, याची कसोटी घालून दिली १८८३ मध्ये ओग्यूस्त केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने. त्याचं म्हणणं असं, की कूटयंत्र शत्रूच्या हाती पडलं तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली.

‘फोल्डर लॉक करा, एका क्लिकमध्ये’ अशी जाहिरात करणारी सॉफ्टवेअर निवडताना हीच कसोटी लावा. आत नेमकी कोणती पद्धत वापरली आहे, हे सांगितलं आहे का? सोर्स कोड पाहायला खुला आहे का? बाहेरच्या तज्ज्ञांनी तो तपासला आहे का? अशा कित्येक सॉफ्टवेअरांत एन्क्रिप्शन नसतंच, फोल्डर नुसता लपवलेला असतो. संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू केला किंवा लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालू केला, की सगळं उघडं. ‘आमची पद्धत गुप्त आहे’ असं कोणी अभिमानाने सांगत असेल, तर तिथून निघा.

तपासाचं नाव सत्याग्रह, आरोपीची डिस्क अहिंसक

आता या क्षेत्रातली सर्वांत रंगतदार गोष्ट. २००४ मध्ये डिस्क कुलूपबंद करणारं ट्रूक्रिप्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आलं. बनवणारे कोण, हे शेवटपर्यंत अधिकृतपणे कळलं नाही. त्याचा पाया मात्र एका आधीच्या सॉफ्टवेअरचा होता: ई-फोर-एम. ते लिहिणारा पॉल ल रू हा ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, जन्मलेला हुशार प्रोग्रामर. हा माणूस पुढे औषधांच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीतून अमली पदार्थ आणि शस्त्रांच्या धंद्यात शिरला, २०१२ मध्ये लायबेरियात पकडला गेला आणि २०२० मध्ये अमेरिकेत त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. लाखो घरांच्या कुलपांमागचा पहिला कोड याचा!

ट्रूक्रिप्टची खरी परीक्षा झाली ब्राझीलमध्ये. जुलै २००८. तिथल्या पोलिसांनी आर्थिक गुन्ह्यांच्या एका मोठ्या तपासाला नाव दिलं होतं ‘ऑपरेशन सत्याग्रह’. डॅनिएल दांतास या बँकरच्या घरातून पाच हार्ड डिस्क जप्त झाल्या. ब्राझीलच्या तज्ज्ञांनी पाच महिने पासवर्ड शोधला. जमेना. डिस्क अमेरिकेत एफबीआयकडे गेल्या. त्यांनी १२ महिने प्रयत्न केले. शब्दकोशांतले शब्द, त्यांची उलटसुलट रूपं, सगळं झालं. डिस्क उघडल्याच नाहीत आणि जशा गेल्या तशा परत आल्या.

आणि मग २८ मे २०१४. ट्रूक्रिप्टच्या संकेतस्थळावर अचानक सूचना झळकली: हे सॉफ्टवेअर सुरक्षित नाही, दुरुस्त न केलेल्या त्रुटी असू शकतात, मायक्रोसॉफ्टच्या बिटलॉकरकडे वळा. शेवटची आवृत्ती निघाली ती फक्त जुनी कुलपं उघडण्यापुरती. ना निरोप, ना पटेल असं कारण.

गंमत म्हणजे त्याच वेळी लोकवर्गणीतून ट्रूक्रिप्टची तपासणी सुरू होती. मॅथ्यू ग्रीन हे कूटशास्त्राचे प्राध्यापक आणि केनेथ व्हाइट यांनी ती उभी केली होती. सॉफ्टवेअर बंद पडलं तरी तपासणी थांबली नाही. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: काही चुका आहेत, पण मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला नाही. लोकांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढून, आपण वापरतो ते फुकट सॉफ्टवेअर तज्ज्ञांकडून तपासून घेतलं, ही मला या साऱ्या कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

म्हणून आज जुनं ट्रूक्रिप्ट शोधून वापरावं का? मुळीच नाही. त्याच वर्षी गूगलच्या एका संशोधकाला त्याच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये दोन गंभीर भोकं सापडली. ट्रूक्रिप्टमध्ये ती बुजवायला कोणी उरलंच नव्हतं. वारसदाराने ती लगेच बुजवली.

वारसदार: व्हेराक्रिप्ट

हा वारसदार म्हणजे व्हेराक्रिप्ट. मुनीर इद्रासी यांनी फ्रान्समधून २०१३ मध्ये, ट्रूक्रिप्टचाच कोड घेऊन ते सुरू केलं. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. २०१६ मध्ये क्वार्क्सलॅब या फ्रेंच कंपनीने त्याची स्वतंत्र तपासणी केली आणि सापडलेल्या बहुतेक गंभीर चुका नव्या आवृत्तीत दुरुस्त झाल्या.

फरक कुठे आहे? तुमच्या पासवर्डपासून खरी किल्ली बनवताना सॉफ्टवेअर तो पुन्हा पुन्हा घुसळतं. ट्रूक्रिप्ट जास्तीत जास्त २,००० वेळा घुसळायचं. व्हेराक्रिप्टमध्ये फाइल साठवायच्या कुलूपबंद डब्यासाठी, म्हणजे कंटेनरसाठी, ही संख्या ५,००,००० आहे. फाइल उघडायला तुम्हाला क्षणभर थांबावं लागतं. पण जो लाखो पासवर्ड लावून पाहायला बसला आहे, त्याला प्रत्येक पासवर्डमागे तेवढंच थांबावं लागतं, आणि तिथे त्याची दमछाक होते.

वापरायचं कसं? ‘क्रिएट व्हॉल्यूम’ दाबा, ‘फाइल कंटेनर’ निवडा, जागा आणि आकार ठरवा, समजा २० जीबी. मग पासवर्ड. २० अक्षरांपेक्षा छोटा दिला तर ते तुम्हाला टोकतं, आणि टोकणं बरोबरच आहे. त्यानंतर येतो माझा आवडता पडदा. खिडकीत आकड्याअक्षरांची रांग सळसळत असते आणि सूचना येते, की माउस इथे जमेल तितका वेडावाकडा फिरवा. खालची लाल पट्टी हळूहळू पिवळी, मग हिरवी होत जाते. तुमच्या हाताच्या त्या वेड्यावाकड्या हालचालींतून संगणक यादृच्छिकता गोळा करतो, कारण स्वतःहून बेशिस्त वागणं त्याला फार अवघड जातं. लहान मुलांना हे काम द्या, आनंदाने करतात!

(याच कामासाठी क्लाउडफ्लेअर कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यालयात लाव्हा दिव्यांची भिंत उभारली आहे. दिव्यांतल्या रंगीत मेणाचे फुगे वर-खाली होतात, कॅमेरा ते टिपतो, आणि त्या चित्रांतून यादृच्छिक आकडे घडतात. तुमचा माउस त्याच पंगतीतला.)

कंटेनर तयार झाला की तो एक साधी फाइल असतो. पासवर्ड दिला की विंडोजमध्ये नवा ड्राइव्ह उगवतो, समजा ‘एम’. त्यात फाइल टाका, काढा, काम करा. बंद केलं की ड्राइव्ह गायब, उरते फक्त निरर्थक बाइटांची एक फाइल. पेनड्राइव्हवर ठेवणार असाल तर एक ध्यानात घ्या: पेनड्राइव्ह फॅट-३२ प्रकारचा असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर मावत नाही. तो एक्सफॅट करून घ्या.

आणि हो, जुन्या वाड्यातल्या लाकडी कपाटाला जसा चोरकप्पा असायचा, तसा यात ‘हिडन व्हॉल्यूम’ असतो. एकाच कंटेनरला दोन पासवर्ड. एक दिला तर वरवरच्या फाइल दिसतात, दुसरा दिला तर आतल्या. आतला कप्पा आहे की नाही, हे बाहेरून सिद्ध करणं कठीण. कल्पना कितीही मोहक असली तरी घरी ती टाळावी असं माझं मत. वरच्या भागात बेसावधपणे फाइल टाकत गेलं तर आतलं पुसलं जाऊ शकतं. शिवाय भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार अधिकृत आदेश आल्यावर माहिती उलगडून द्यायला मदत न केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जुने ट्रूक्रिप्ट कंटेनर कोणाकडे पडून असतील तर त्यांच्यासाठी निरोप: व्हेराक्रिप्टच्या १.२६ पासूनच्या आवृत्त्या ते उघडत नाहीत. १.२५.९ ही उघडणारी शेवटची. त्यातून फाइल बाहेर काढा आणि नव्या कंटेनरमध्ये हलवा.

ढगात ठेवायचं असेल तर

फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर चढत असेल, तर व्हेराक्रिप्टचा २० जीबीचा अगडबंब कंटेनर तिथे अडचणीचा. आत एक ओळ बदलली तरी काही सेवा आख्खी फाइल पुन्हा चढवायला घेतात. इथे कामाला येतं क्रिप्टोमेटर. हे जर्मन सॉफ्टवेअर आहे, कोड खुला आहे, आणि २०१६ मध्ये त्याला सेबिट या संगणक प्रदर्शनाचं नवोपक्रम पारितोषिक मिळालं. ते प्रत्येक फाइल वेगवेगळी कुलूपबंद करतं आणि नावंही बदलून टाकतं. त्यामुळे बदललेली तेवढीच फाइल वर जाते. क्लाउडवर पाहिलं तर नुसती अगम्य नावांची रांग.

त्याची मर्यादा त्याचे निर्मातेच सांगतात: आत किती फाइल आहेत, साधारण केवढ्या आहेत, कधी बदलल्या, हे बाहेरून कळू शकतं. घरगुती वापरात याने फारसं बिघडत नाही. संगणकावर ते फुकट आहे, मोबाइलच्या अॅपला मात्र पैसे पडतात.

एखादीच फाइल मेलने पाठवायची आहे

सीएला आयकराची कागदपत्रं पाठवायची, एवढंच काम असेल तर सेव्हन-झिप पुरे. इगोर पावलोव्ह या रशियन प्रोग्रामरचं हे सॉफ्टवेअर १९९९ पासून फुकट आहे. फक्त दोन खुणा विसरू नका. फॉरमॅट ‘सेव्हन-झेड’ निवडा, म्हणजे एईएस-२५६ लागतं. आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर टिक करा, नाहीतर पासवर्ड नसतानाही आतल्या फाइलींची नावं वाचता येतात. ‘आईचा बायोप्सी रिपोर्ट’ हे नावच पुरेसं बोलकं असतं, नाही का?

झिप फाइलचं जुनं कुलूप, झिपक्रिप्टो, मात्र निरुपयोगी आहे. ते कसं फोडायचं हे बिहाम आणि कोचर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं, आणि आश्चर्य म्हणजे अजूनही ते पर्यायांच्या यादीत सापडतं. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका. फोन करून सांगा.

घरातच असलेलं कुलूप

काहीच उतरवून घ्यायचं नसेल तर? मॅकवर फाइलव्हॉल्ट आहे, सेटिंग्जमध्ये जाऊन सुरू करायचं. लिनक्सवर इन्स्टॉल करतानाच ‘लक्स’ची सोय मिळते, ऑस्ट्रियाचे क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी २००४ मध्ये मांडलेली ही पद्धत एकाच डिस्कला अनेक पासवर्ड देऊ देते, म्हणजे नवरा-बायकोचे वेगवेगळे चालतात. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर, होममध्ये अनेक नव्या संगणकांवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’. विंडोजच्या या सोयींचा कोड खुला नाही, पण लॅपटॉप रिक्षात विसरला तर ती डिस्क उघडणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

विंडोजवाल्यांनी आत्ताच एक गोष्ट तपासावी. नव्या विंडोज ११ संगणकांवर मायक्रोसॉफ्ट खातं जोडून सुरुवात केली की हे एन्क्रिप्शन बहुधा आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा काही बिघडलं, की निळा पडदा ४८ आकडी रिकव्हरी किल्ली मागतो. ती त्या खात्यात साठवलेली असते. खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं असेल, तर किल्ली कोणाकडे आहे? विचार करा. आणि ती कागदावर उतरवून ठेवा.

लुडोचा फासा काढा

एईएस कोणी फोडत नाही. फोडतात तो पासवर्ड. म्हणून अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये ‘डाइसवेअर’ नावाची पद्धत सुचवली. पाच वेळा फासा टाका, आलेले पाच आकडे यादीत शोधा, समोरचा शब्द घ्या. यादीत ७,७७६ शब्द असतात, कारण पाच वेळा सहा घेऊन ते एकमेकांशी गुणले की तेवढेच होतात. असे सहा शब्द घेतले की शक्यतांची संख्या २४ आकडी होते. ‘पळी वादळ सुतार जांभूळ रिक्षा उंबरा’ अशा धाटणीचं काहीतरी तयार होतं. चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं आणि लक्षातही राहतं. हे छापलेले सहा अर्थातच वापरू नका. आरतीची पहिली ओळ, मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल, गाडीचा नंबर, हेही नको. अंदाज बांधणाऱ्याला आधी तेच सुचतं.

पासवर्ड थेट देवनागरीत टंकायचा मोह होतो. जपून! ‘सुऱ्या’ किंवा ‘कैऱ्या’ यातला तो चंद्रकोरी अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी मात्र वेगळे. घरच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर दिलेला पासवर्ड दुसऱ्याच्या फोनेटिक कीबोर्डवरून कदाचित लागणारच नाही. मराठी शब्द घ्या, पण रोमन अक्षरांत टंका.

विसरलं तर? व्हेराक्रिप्ट किंवा सेव्हन-झिपमध्ये ‘फर्गॉट पासवर्ड’ नाही. कंपनीला फोन करून उपयोग नाही, कारण किल्ली त्यांच्याकडेही नसते. स्टेफान थॉमस या प्रोग्रामरची हकीकत २०२१ मध्ये जगभर गाजली. त्यांच्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली आयर्नकी नावाच्या कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये आहे. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. दहा चुकांनंतर तो पेनड्राइव्ह कायमचा बंद होतो, आणि त्यांचे आठ प्रयत्न तेव्हाच संपले होते.

भांडणाचं नाटक

१ ऑक्टोबर २०१३. सॅन फ्रान्सिस्कोचं एक सार्वजनिक वाचनालय. ‘सिल्क रोड’ या बेकायदा ऑनलाइन बाजाराचा चालक रॉस उल्ब्रिक्ट लॅपटॉप उघडून बसला होता. डिस्क एन्क्रिप्ट केलेली. झाकण मिटलं असतं तर पुरावा हाती लागला नसता. म्हणून एफबीआयच्या दोघांनी त्याच्या मागे प्रियकर-प्रेयसीचं कडाक्याचं भांडण उभं केलं. त्याने मान वळवली, आणि लॅपटॉप उघड्या अवस्थेत उचलला गेला.

आपण गुन्हेगार नाही, पण मुद्दा तोच. कुलूप उघडं आहे तोवर फाइलही उघड्या. चहाला उठताना व्हेराक्रिप्टमधला ड्राइव्ह बंद करा.

आणखी काही ठिकाणी ही सॉफ्टवेअर तोकडी पडतात. फाइल ओलीस ठेवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून ती वाचवत नाहीत. तो विषाणू तुमच्या कंटेनरवर स्वतःचं दुसरं कुलूप चढवून मोकळा होतो. फाइल कंटेनरमध्ये हलवली तरी मूळ जागेवरच्या प्रतीचे अवशेष डिस्कवर राहू शकतात, एसएसडीवर तर ते हुकमी पुसणंही कठीण. विंडोज फोटोंच्या छोट्या प्रतिमा वेगळ्या साठवतं, वर्ड अलीकडच्या फाइलींची नावं लक्षात ठेवतं. यावर नेमका उपाय म्हणजे आख्खी डिस्कच एन्क्रिप्ट करणं, आणि खासगी फाइल पहिल्यापासून कंटेनरमध्येच तयार करणं.

व्हेराक्रिप्टच्या कंटेनरच्या सुरुवातीचा छोटासा भाग, हेडर, खराब झाला तर बरोबर पासवर्डही चालेनासा होऊ शकतो. ‘टूल्स’मध्ये ‘बॅकअप व्हॉल्यूम हेडर’ आहे. ते एकदा करून ठेवा. आणि कंटेनरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, घराबाहेर असेल तर उत्तमच.

माझा कौल

घरचा विंडोज संगणक असेल तर खासगी फोल्डरसाठी व्हेराक्रिप्ट. क्लाउडवर जाणाऱ्या फोल्डरसाठी क्रिप्टोमेटर. मेलने जाणाऱ्या फाइलसाठी सेव्हन-झिप. आणि लॅपटॉप घराबाहेर जात असेल तर आख्ख्या डिस्कचं कुलूप, विंडोजने दिलेलं असेल ते. चारही एकदम करायला जाऊ नका. आधी एक कंटेनर, त्यात दोन-चार फाइल, आठवडाभर वापर. उतरवून घेताना मूळ संकेतस्थळावरूनच घ्या, ‘फ्री डाउनलोड’च्या भल्यामोठ्या बटणांवरून नको. पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा, आणि तो कुठे आहे हे एका विश्वासाच्या माणसाला सांगा. विम्याची कागदपत्रं आत आणि पासवर्ड फक्त तुमच्या डोक्यात, ही व्यवस्था कुटुंबावर अन्याय करणारी आहे.

फुकट मिळतं म्हणून हे आपोआप तयार होत नाही. वर्नर कॉख या जर्मन प्रोग्रामरने १९९७ पासून जीएनयूपीजी हे मेल आणि फाइल कूटबद्ध करणारं सॉफ्टवेअर जवळजवळ एकट्याने सांभाळलं. जगभरचे पत्रकार आणि कार्यकर्ते त्यावर विसंबून, आणि कॉखची मिळकत इतकी तुटपुंजी की काम सोडायची वेळ आलेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये ही बातमी छापून आली, सामान्य वापरकर्त्यांनी देणग्यांचा पाऊस पाडला, फेसबुक आणि स्ट्राइप यांनी वर्षाला प्रत्येकी ५०,००० डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि ते सॉफ्टवेअर तगलं.

व्हेराक्रिप्ट आणि क्रिप्टोमेटर, दोघांच्याही संकेतस्थळावर देणगीचं पान आहे. कुलूप वापरायला लागलात आणि पसंत पडलं, तर वर्षातून एकदा जमेल ती रक्कम तिथे जरूर पाठवा.